१६ एमबीच्या जागी ३२ एमबीची फ्लॅश बसवली, आता राऊटर रीबूट म्हटलं की मरतो

रामबागवाला | रवि, रात्री ११:१२

मंडळी, मदत हवी आहे. सविस्तर लिहितो, नाहीतर पहिले पाच प्रतिसाद "लॉग टाक", "कर्नल कोणता" यातच जातात.

इंदुरात रामबागेतला आमचा वाडा म्हणजे चार बिऱ्हाडं आणि एक राऊटर. तीन वर्षांपूर्वी त्यात ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरसाठीचं मुक्त लिनक्स) टाकलं. फ्लॅश, म्हणजे वीज गेली तरी मजकूर जपणारी चिप, १६ एमबी. व्हीपीएन, जाहिराती अडवणारं पॅकेज, आणि वरच्या काकूंच्या आग्रहाखातर त्यांच्या मुलाचं नेट रात्री दहाला बंद करणारं एक, एवढ्यात जागा संपली. यूएसबीचं पोर्ट नाही. म्हणून जेल रोडवरून ३२ एमबीची आठ पायांची एसपीआय नॉर फ्लॅश चिप आणली. (दुकानदार "दो सौ छप्पन वाली" म्हणाला तेव्हा मी क्षणभर हरखलो. ते मेगाबिट होते. भागिले आठ.) जुनी चिप हॉट एअरने उतरवली, प्रोग्रामरवर वाचली, सगळा मजकूर नव्या चिपच्या पहिल्या १६ एमबीत जसाच्या तसा लिहिला आणि नवी चिप सोल्डर केली.

पहिल्या झटक्यात चालू! कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये चिप ३२७६८ केबाइट म्हणून दिसते. जागा मात्र आधी होती तेवढीच. हे झालं एक दुखणं, पण त्याने झोप उडालेली नाही. झोप उडाली ती दुसऱ्याने. रीबूटची कमांड दिली की दिवे लागतात आणि तसेच लागून राहतात. सीरियल वायर लावून पाहिली, एक अक्षर येत नाही. बूटलोडरची (कर्नल सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) नावाची ओळसुद्धा नाही.

शेवटी आईने स्विच बंद केला, "दहापर्यंत मोज" म्हणाली, चालू केला. राऊटर सुरू! पाच वेळा करून पाहिलं. लाइट घालवली की बरा, शहाण्यासारखं रीबूट केलं की गेला. आईसमोर माझी इंजिनिअरिंगची डिग्री सध्या कपाटात आहे.

पुणे३० | रवि, रात्री ११:२०

नवीन राऊटर घ्या. आपल्या वेळेलाही किंमत असते.

रामबागवाला | रवि, रात्री ११:२३

पहिला प्रतिसाद पुण्याहून येणार आणि तो हाच असणार, यावर मी धाकट्या भावाशी पोहे-जिलेबीची पैज लावली होती. आभार.

अलकापुरी | रवि, रात्री ११:५१

बडोद्याहून नमस्कार. हे दुखणं माझ्या रोजच्या ओळखीचं आहे, कामच हे करते.

आधी सोपं. जागा वाढली नाही कारण फ्लॅशची वाटणी डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये) आकडे घालून ठरवलेली असते. कर्नलने चिप ३२ ची ओळखली तरी "फर्मवेअर" नावाचा तुकडा किती मोठा हे तो ट्रीवरूनच घेतो. तुमच्या फाइलमध्ये त्या तुकड्याची लांबी बहुधा एफबी०००० असेल. सुरुवात ५०००० पासून. दोन्ही हेक्समध्ये मिळवा, बरोबर १६ एमबी येतात. लांबी १एफबी०००० करा, इमेज परत बांधा, जागा मिळेल.

आता रीबूट. एक सांगा, चिपचा जेडेक आयडी (चिप स्वतःची ओळख सांगते तो आकडा) काय? ९एफ कमांडला तीन बाइट येतात, त्यातला शेवटचा हवा. आणि कर्नल ४ च्या घरातला आहे की ५-६ च्या?

रामबागवाला | सोम, सकाळी ७:४०

शेवटचा बाइट १९. जुन्या चिपचा १८ होता. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच कुणावर खापर नको. कर्नल ४.१४.

अलकापुरी | सोम, सकाळी ८:०५

मग ठरलं. तो शेवटचा बाइट म्हणजे बहुतेक चिपांत दोनाचा घातच असतो. हेक्स १८ म्हणजे २४, दोनाचा चोविसावा घात म्हणजे १६ एमबी. १९ म्हणजे २५, म्हणजे ३२ एमबी. आणि तुमचं सगळं दुखणं या चोविसाचं पंचवीस होण्यात आहे. ऑफिसला निघते, संध्याकाळी लिहिते.

नवशिका_बिट | सोम, सकाळी ९:३०

ताई, एक बाळबोध प्रश्न. राऊटरचा प्रोसेसर ३२ बिटचा ना? म्हणजे ४ जीबीपर्यंत पत्ते देता येतात. मग १६ एमबीला गाडी का अडावी?

सोल्डरकाका | सोम, दुपारी १:१५

याचं उत्तर मी देतो. आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलंय, आणि हे प्रकरण अगदी आमच्या घरचं आहे.

प्रोसेसर कितीही बिटांचा असो, फ्लॅशशी तो एका तारेवरून, एकेक बिट करत बोलतो. आधी एक बाइट हुकूम (०३ म्हणजे वाच), मागून तीन बाइट पत्ता, मग चिप मजकूर ओतू लागते. तीन बाइट म्हणजे २४ बिट. २४ बिटांत १६ एमबीपलीकडचा पत्ता लिहिताच येत नाही. पाकिटावर रकानेच तेवढे छापलेत.

आता इंदुरातले जुने लोक आठवा. आपले फोन नंबर सहा आकडी होते. नंबर पुरेनात, तेव्हा सगळ्यांच्या पुढे २ लावून सात आकडी केले. एक्स्चेंजला सांगितलं, आजपासून सात आकडे आल्याशिवाय जोडायचं नाही. पण आमची आजी! तिला सहाच पाठ. ती सहा फिरवायची आणि रिसीव्हर धरून बसायची. ती म्हणते फोन मेला, एक्स्चेंज म्हणतं अजून एक आकडा दे.

तुमच्या चिपला कर्नलने "आजपासून चार बाइट" सांगून ठेवलंय. बूटरॉम (चालू होताच प्रोसेसर सगळ्यांत आधी चालवतो तो कोड) म्हणजे आजी. ती सिलिकॉनमध्ये कोरलेली, तिला नवा नंबर कोण शिकवणार?

रामबागवाला | सोम, दुपारी १:४०

काका, लोटांगण. म्हणजे लाइट घालवली की एक्स्चेंज विसरतं आणि पुन्हा सहा आकड्यांवर येतं? आणि रीबूटला चिपचा वीजपुरवठा तुटतच नाही, म्हणून तिच्या लक्षात राहतं?

सोल्डरकाका | सोम, दुपारी १:४४

बरोब्बर. आईला नमस्कार सांग.

लष्करी | सोम, रात्री ८:२०

ग्वाल्हेरहून. काकांच्या आजीला पुस्ती जोडतो. सोळा पायांच्या मोठ्या चिपांना वेगळा रीसेट पाय असतो. बोर्डाची रीसेट लाइन त्याला जोडली असेल तर रीबूटबरोबर चिपही शुद्धीवर येते आणि असले प्रश्न उद्भवत नाहीत. आठ पायांत ती चैन सहसा नाही. आणि ज्या बोर्डावर मुळात १६ एमबीच बसायची होती, त्याच्या डिझायनरने ती तार कशाला ओढावी?

अलकापुरी | सोम, रात्री १०:३०

हं, आता लिहिते. मोठ्या चिपशी बोलायचे तीन मार्ग, आणि तिन्हीत कर्नलच्या ड्रायव्हरचा कस लागतो.

पहिला, मोड बदलणे. बी७ पाठवला की चिप चार बाइटांच्या मोडमध्ये जाते, ई९ ने परत येते. त्या मोडमध्ये तोच जुना ०३ चार बाइट पत्ता मागतो. तुमचा ४.१४ हेच करतोय.

दुसरा, खिडकी सरकवणे. पत्ता तीनच बाइटांचा ठेवायचा, पण चिपमधल्या एका रजिस्टरात "सध्या कितवे १६ एमबी" ते लिहायचं. सी५ ने लिहा, सी८ ने वाचा. जुन्या यू-बूट या बूटलोडरमध्ये हा बराच वापरला जायचा.

तिसरा, नवे हुकूम. १३ म्हणजे चार बाइट पत्त्याने वाच, १२ म्हणजे चार बाइट पत्त्याने लिही, २१ आणि डीसी खोडायला. यात मोड बदलतच नाही. आजी ०३ म्हणाली तर तिला तीन बाइट, कर्नल १३ म्हणाला तर त्याला चार. दोघांच्या वेगवेगळ्या भाषा, चिपला दोन्ही येतात.

तुम्हाला तिसरा हवाय. पण तो प्रत्येक चिपला येतोच असं नाही, आणि येत असला तरी ड्रायव्हरला ते कळायला हवं.

लष्करी | सोम, रात्री १०:४८

दुसरा का नको? मोड बदलायचा नाही, बूटरॉमही खूश.

अलकापुरी | सोम, रात्री १०:५५

खूश कुठली! खिडकी वरच्या १६ वर असताना रीबूट झालं तर रजिस्टर तसंच राहतं. आजी शून्य पत्ता मागते आणि तिला सतराव्या एमबीचा मजकूर मिळतो. निदान पहिल्या प्रकारात कचरा येतो हे लगेच कळतं. इथे नीटस दिसणारा, पण चुकीचा मजकूर येतो. मला विचाराल तर हे जास्त वाईट.

रामबागवाला | मंगळ, रात्री १२:३५

झोप आली नाही म्हणून लॉजिक अ‍ॅनलायझर (तारांवरचे बिट टिपणारा) लावला. तोच स्वस्तातला आठ तारांचा, २४ मेगाहर्ट्झचा. बूटरॉम सुरुवातीला सावकाश वाचतो म्हणून त्याला झेपलं. चिपच्या इवल्याशा पायांवर चिमटे लावताना दोनदा घसरले, तिसऱ्यांदा धरले.

वीज घालवून चालू केल्यावर: हुकुमाच्या तारेवर ०३ ०० ०० ००. लगेच उत्तराच्या तारेवर बूटलोडरचे बाइट, प्रोग्रामरवर वाचलेल्या फाइलशी तंतोतंत.

रीबूटनंतर: हुकूम तोच, ०३ ०० ०० ००. उत्तरात आधी एक एफएफ, आणि मग तेच बूटलोडरचे बाइट. सगळं बरोब्बर एक घर पुढे सरकलेलं! बूटरॉम पहिला बाइट वाचतोय असं समजत होता, तेव्हा चिप चौथ्या बाइटची वाट बघत होती. हुकुमाची तार तेव्हा शून्यावर पडून होती, म्हणून चिपने तो चौथा बाइट शून्य धरला. शून्याचा पत्ता शून्यच, म्हणून निदान मजकूर ओळखता आला. दुसरा कुठला पत्ता असता तर २५६ पट होऊन भलतीकडेच गेला असता.

काकांची आजी मी रात्री साडेबाराला स्क्रीनवर प्रत्यक्ष पाहिली.

नवशिका_बिट | मंगळ, सकाळी ८:१०

वाखूसा (वाचनखूण साठवली). हे आम्हाला कॉलेजात असं का शिकवत नाहीत?

पुणे३० | मंगळ, सकाळी ९:००

मान्य, रस येतोय. चालू द्या.

लष्करी | मंगळ, सकाळी ९:४५

तात्पुरता इलाज: डिव्हाइस ट्रीत फ्लॅशच्या नोंदीखाली "ब्रोकन-फ्लॅश-रीसेट" ही एक ओळ टाका. ड्रायव्हरने ती पाहिली की मशीन बंद होताना तो स्वतः चिपला तीन बाइटांवर परत आणतो. म्हणजे जाता जाता दार लावून जातो. ४.१४ च्या मूळ कोडात ती सापडली नाही तर पॅच लावावा लागेल.

रामबागवाला | बुध, रात्री ९:१०

पॅच लावला, ओळ टाकली, वाटणीही वाढवली. जागा दुप्पट झाली, रीबूट दहापैकी दहा वेळा चालला. लष्करी, ग्वाल्हेरला आलो की गजक माझ्याकडून.

सोल्डरकाका | बुध, रात्री ९:३०

ग्वाल्हेरवाल्याला ग्वाल्हेरात गजक खिलवणार? इंदूरची शेव घेऊन जा.

रामबागवाला | सोम, रात्री ११:५८

आनंद पाच दिवस टिकला. आज सराफ्यात गराडू तळून हातात येतो न येतो तोच वाड्यातून फोन. नेट बंद, दिवे लागलेले, परत तेच. आईने स्विच बंद-चालू केला आणि सगळं सुरळीत. लॉग जेवढा वाचला त्यावरून दिसतं की कसल्याशा ड्रायव्हरने गटांगळी खाल्ली, वॉचडॉगने (मशीन अडकलं की रीसेट करणाऱ्या टायमरने) मशीनला लाथ घातली, आणि मशीन उठलंच नाही.

अलकापुरी | मंगळ, सकाळी ७:५५

हे होणारच होतं. ती ओळ टाकल्यावर कर्नल बूटच्या वेळी एक भलामोठा इशारा छापतो. मथितार्थ असा की रीसेटची ही जुगाड चालू केली आहे, पण मशीन अनपेक्षितपणे रीबूट झालं तर सावरेलच असं नाही. दार लावायला जाणारा माणूस जागेवर हवा ना! वॉचडॉग कुणाला विचारून लाथ घालत नाही. कर्नल पॅनिक झाला, म्हणजे कोलमडून थांबला, तरी तेच. आणि वॉचडॉग कशासाठी ठेवतो आपण? नेमक्या याच वेळेसाठी. म्हणजे गरज पडेल तेव्हाच न चालणारी छत्री.

आता खरा इलाज. चिपला तिसऱ्या मार्गाचे हुकूम येतात का, हे कळण्याच्या दोन वाटा. पूर्वी ड्रायव्हरमध्ये चिपांची यादी होती, हा आयडी म्हणजे एवढी साइज, हे गुण. यादीत नाही ती चिप ओळखायची नाही. २०१४ मध्ये एसपीआय-नॉर हा सामाईक भाग कर्नलमध्ये वेगळा झाला तेव्हाही कारभार यादीवरच होता. दुसरी वाट एसएफडीपीची. जेडेकचं जेईएसडी२१६ हे प्रमाण २०११ चं. त्यानुसार चिप स्वतःच आपलं पत्रक पोटात बाळगते: साइज किती, पान केवढं, खोडायचे हुकूम कोणते. त्याच्या नंतरच्या आवृत्तींत चार बाइटांच्या हुकुमांचा वेगळा तक्ता आला. नवे कर्नल तो तक्ता वाचतात, तुमचा ४.१४ वाचत नाही. चिपला येतं, पण तुमच्या कर्नलने कधी विचारलंच नाही.

यादी बेभरवशाची का, त्याचा नमुना कर्नलच्या कोडमध्येच आहे. विनबाँडच्या डब्ल्यू२५क्यू२५६ या चिपच्या एफव्ही आणि जेव्ही अशा दोन पिढ्या. जेव्हीला चार बाइटांचे हुकूम येतात, एफव्हीला येत नाहीत, आणि दोघींचा जेडेक आयडी एकच! ड्रायव्हर त्यांना पत्रकाच्या आवृत्तीच्या आकड्यावरून वेगळं करतो. कॉमेंट वाचण्यासारखी आहे, लिहिणाऱ्याने राग गिळलेला दिसतो.

नवशिका_बिट | मंगळ, दुपारी १२:२०

म्हणजे जुळ्या बहिणींना आवाजावरून ओळखायचं.

सोल्डरकाका | मंगळ, दुपारी ३:००

हे दर पिढीला होतं बघा. १३७ जीबीपेक्षा मोठी हार्ड डिस्क जुन्या मशीनला दिसायची नाही. पत्ता २८ बिटांचा, एक सेक्टर ५१२ बाइटचा, करा गुणाकार. विंडोज एक्सपीला २००२ मध्ये पहिला सर्व्हिस पॅक आला तेव्हा ते नीट सुटलं. तेव्हाही लोक डिस्कला शिव्या द्यायचे, बिचारी डिस्क चांगली असायची.

अलकापुरी | मंगळ, रात्री ९:१५

काका, अगदी. लिनक्सच्या एमटीडीमध्येही (फ्लॅश सांभाळणाऱ्या भागात) फ्लॅशची साइज ३२ बिटांत ठेवायचे, म्हणजे ४ जीबीला भिंत. नँड या दुसऱ्या प्रकारच्या फ्लॅश चिपा तिथवर पोचल्या तेव्हा ती ६४ बिटांची केली, २.६.२९ मध्ये, २००९ ला. ऐकायला एका ओळीचा बदल वाटतो. पण साइज ६४ बिटांची झाली की कोडमध्ये जिथे जिथे तिला भागाकार आहे तिथे तिथे हात लावावा लागतो, कारण ३२ बिटांच्या प्रोसेसरवर कर्नलमध्ये साधं भागाकाराचं चिन्ह तेव्हा चालत नाही, वेगळं फंक्शन बोलवावं लागतं.

एसडी कार्डाचंही ऐका. साधी एसडी २ जीबीपर्यंत, पत्ता बाइटांत. एसडीएचसीत तोच ३२ बिटांचा आकडा बाइट न मोजता ५१२ चे ठोकळे मोजू लागला. नाव तेच, अर्थ बदलला, म्हणून जुन्या रीडरमध्ये नवं कार्ड चालत नाही. त्या हिशेबाने भिंत गेली २ टीबीवर. त्यापुढच्या एसडीयूसी कार्डांना ३८ बिट लागतात आणि कमांडमध्ये जागा ३२ चीच. मग काय केलं? आधी सीएमडी२२ पाठवून वरचे सहा बिट सांगायचे, मग नेहमीची कमांड. त्याने १२८ टीबीपर्यंत मजल जाते. प्रमाण २०१८ चं, लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आधार आला ६.१३ मध्ये, २०२५ च्या जानेवारीत.

पुणे३० | मंगळ, रात्री ९:४०

सात वर्षं? आणि मी राऊटर बदला म्हणत होतो.

रामबागवाला | शनि, सायंकाळी ६:०५

झालं! नव्या आवृत्तीची इमेज बांधली, कर्नल ६ च्या घरातला. ब्रोकनवाली ओळ काढून टाकली. परत अ‍ॅनलायझर लावला (आता चिमटे पहिल्या फटक्यात बसतात). कर्नल बूट होताना बी७ कुठेही नाही. वाचताना १३ आणि चार बाइट. चिपच्या पोटात तक्ता पहिल्यापासून होता.

मग मुद्दाम मारून पाहिलं. सिसरेक-ट्रिगर या कर्नलच्या फाइलमध्ये "सी" लिहिलं की कर्नल जागच्या जागी पॅनिक होतो, माझ्या सेटिंगनुसार तीन सेकंदांनी रीसेट. असं वीस वेळा. वीसही वेळा बूटलोडरची ओळ आली. विसाव्यांदा आई मागून म्हणाली, "चालतोय तर कशाला सारखा बंद पाडतोस?"

एक सावधगिरी, पुढे कुणी हा धागा शोधत आलं तर. माझ्या बूटलोडरला अजूनही पहिले १६ एमबीच दिसतात. त्यामुळे कर्नल त्या १६ च्या आत बसलेलाच हवा, वर फक्त फाइलसिस्टिमचं शेपूट. इमेज बांधताना कर्नल सुरुवातीलाच असतो म्हणून आपोआप जमतं, पण वाटणीचा क्रम बदलायची हुशारी करू नका.

लष्करी | शनि, सायंकाळी ६:२०

अभिनंदन! जुन्या चिपचं काय केलं?

रामबागवाला | शनि, सायंकाळी ६:३२

काड्यापेटीत ठेवली आहे. १६ एमबी, आठ पाय, शेवटचा बाइट १८. इंदुरात कुणाला हवी असेल तर वाड्यावर येऊन घेऊन जा, पोहे आहेत.

सोल्डरकाका | शनि, सायंकाळी ६:३३

माझी. उद्या सकाळी नऊला येतो.